तांबेकर वाड्याजवळच्या रहिवाशांसाठी सूचना

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी ९ वाजता गल्लीच्या चौकात बैठक आहे. विषय एकच: पावसाळ्याआधीच्या घरदुरुस्त्या.

आपला वाडा भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. २०१० च्या कायदादुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही. दुरुस्ती करता येते, पण परवानगी घेऊनच. त्यापुढच्या २०० मीटरमध्ये दोन्हींना परवानगी लागते. गेल्या वर्षी एका घराचं काम न विचारता सुरू झालं, अर्ध्यावर थांबलं आणि त्या कुटुंबानं अख्खा पावसाळा ताडपत्रीखाली काढला. पुन्हा कोणावर ही वेळ येऊ नये. म्हणून अर्ज सगळे मिळूनच भरू.

सोबत आणा:
- वेराबिल (घरपट्टीचं बिल) आणि मालकीच्या कागदांची प्रत
- दुरुस्तीच्या जागेचे फोटो

कोरीव खांब, तुळया भंगारात देऊ नका, आधी जुन्या कामाच्या सुताराला दाखवा.

वाड्याच्या भिंतीला टेकवून स्कूटर लावू नका, सांडपाणीही तिकडे सोडू नका. आत एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रं आहेत, त्यांना ओल सोसत नाही.

भाडेकरूंना आणि गुजराती शेजाऱ्यांनाही जरूर घेऊन या.

चिटणीस, रहिवासी संघ, बडोदे