उसना घेतलेला एक दरवेळी दहाचा नसतो

प्रिय बाळा,

आजीने तुझ्या गणिताच्या वहीचा फोटो पाठवला. ५ १/४ − २ २/३ चं उत्तर तू २ ५/१२ काढलंस आणि त्यावर लाल फुली आहे, पण मी पायरी पायरी वाचलं आणि खरंच छान वाटलं कारण अवघड भाग तुझा बरोबर आलाय. ४ आणि ३ चा लसावि १२, म्हणून १/४ चे ३/१२ आणि २/३ चे ८/१२. खूप मुलं इथे फक्त छेद बदलतात आणि अंशाला गुणायचं विसरतात, तू नाही विसरलीस.

मग ३ मधून ८ जात नाहीत म्हणून ५ कडून एक उसना घेतलास, तेही बरोबर. पण ३ चे १३ केलेस ना, घोटाळा तिथे झालाय. १३ कधी होतात, तर दशक सुटा करतो तेव्हा, एका दशकात दहा एकक असतात म्हणून. इथे तू अख्खा एक फोडलास आणि आपल्याला हवेत बारावे भाग, मग एकात बारावे भाग किती? बारा! म्हणून ३ + १२ म्हणजे १५/१२. आता ४ १५/१२ − २ ८/१२ = २ ७/१२. घड्याळाचं तुला बरोबर येतं बघ, ११:२० मधून ९:४५ वजा करताना तू तासाची ६० मिनिटं घेतेस आणि २० चे ८० करतेस, तेव्हा दहा नाही घेत.

अजून एक रीत आहे, मला ती जास्त आवडते. उसनं घ्यायचंच नाही, २ २/३ पासून पुढे चालत जायचं. ३ पर्यंत १/३, तिथून ५ पर्यंत २, मग सव्वापाचपर्यंत १/४. १/३ आणि १/४ मिळून ७/१२, वर ते २, झालं. परीक्षेत मात्र बाई शिकवतात तसंच लिही, ही रीत ताळा करायला ठेव.

अंशाधिक करूनही येतं, ६३/१२ − ३२/१२ = ३१/१२, पण आकडे मोठे झाले की गुणाकारात चुकायची भीती असते.

आता ७ १/६ − ३ ५/८ करून बघ. छेद ४८ नको घेऊस, २४ पुरतो. उत्तर ३ १३/२४ यायला हवं, नाही आलं तर रात्री जेवण झाल्यावर व्हिडिओ कॉल कर, वही घेऊन बस, आपण दोघी मिळून शोधू कुठे अडलं ते.

तुझी आई