पोळी लाल, खेकडा हिरवा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत आहारोपचार आणि निसर्गोपचार केंद्रांमधील ‘फंक्शनल’ तपासण्यांचे कौतुक करणारा लेख वाचला. एका रुग्णालयाच्या जीवरसायन प्रयोगशाळेत एकतीस वर्षे तंत्रज्ञ म्हणून काम केलेले असल्याने त्यातील काही गोष्टी गप्प बसून वाचवेनात, म्हणून हे पत्र.

गेल्या दिवाळीत माझी भाची असाच एक अहवाल घेऊन घरी आली होती. पोट फुगते आणि सारखा थकवा असतो, एवढीच तिची तक्रार. आहारसल्ला देणाऱ्या एका केंद्राने तिचे रक्त घेऊन दोनशेहून अधिक पदार्थांची ‘असहिष्णुता’ तपासली आणि गुळगुळीत कागदाची रंगीत पुस्तिका हातात ठेवली. लाल, म्हणजे टाळायच्या, रकान्यात गहू, दूध, शेंगदाणे, मूग. हिरव्या, म्हणजे खुशाल खायच्या, रकान्यात खेकडा, शिंपले, क्रॅनबेरी. आमच्याकडे अंडेही कोणी खात नाही. जे रोज ताटात असते ते लाल आणि ज्याचा जन्मात घास घेतला नाही ते हिरवे, यात तिला काही वावगे वाटले नव्हते. मला मात्र त्या तपासणीचा सगळा अर्थ तिथेच दिसला.

ही तपासणी रक्तातील आयजीजी नावाची प्रतिपिंडे (अँटीबॉडी) मोजते. एखादा पदार्थ आपण नेहमी खात असलो, की निरोगी शरीरातही त्याच्याविरुद्ध ही प्रतिपिंडे तयार होतात. तो पदार्थ पोटात गेल्याची आणि बहुधा पचनी पडल्याची ती खूण असते. अ‍ॅलर्जीशी संबंध असतो तो आयजीई या वेगळ्या प्रतिपिंडांचा. युरोपातील अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या अकादमीने २००८ मध्येच सांगितले होते, की अन्न सोसत नाही या तक्रारीसाठी आयजीजी४ ची, म्हणजे आयजीजीच्याच एका उपप्रकाराची, तपासणी करू नये. कॅनडातील तज्ज्ञसंघटनेनेही २०१२ मध्ये आयजीजी तपासणीविरुद्ध असाच इशारा दिला.

पैसे गेले, हे एक वेळ सोडून देता येईल. पण भाचीने चार महिने गहू सोडला होता आणि नंतर पोटाच्या डॉक्टरांना सीलिअ‍ॅक, म्हणजे गव्हातील ग्लुटेनमुळे आतड्याला होणारा आजार, आहे का हे पाहायचे होते. त्यासाठीची टीटीजी ही तपासणी माणूस गहू खात असतानाच भरवशाची ठरते. गहू बंद असला तर आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. त्यामुळे तिला काही आठवडे पुन्हा पोळी खावी लागली. पहिल्या दिवशी पोळीचा तुकडा भाजीत बुडवून ती कितीतरी वेळ नुसती बसून होती. अखेर टीटीजी निर्दोष आली. हिमोग्लोबिन मात्र ९.१ आणि शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन ६, म्हणजे दोन्ही कमी निघाले. थकव्याचे कारण समोर होते, आणि त्या रंगीत पुस्तिकेत साध्या हिमोग्लोबिनची ओळसुद्धा नव्हती.

‘फंक्शनल’ या शब्दाचे मला वावडे नाही. रक्तात जीवनसत्त्व किती आहे एवढेच न पाहता ते पेशीत आपले काम करते आहे का हे तपासणे, असा त्याचा मूळचा चांगला अर्थ आहे. ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले की रक्तात होमोसिस्टीन आणि मिथाइल मॅलोनिक आम्ल ही दोन द्रव्ये वाढतात. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच दोन मोजमापे वापरून आपल्याकडे ब-१२ ची कमतरता किती पसरलेली आहे हे दाखवले. तो अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘फंक्शनल’ म्हणूनच खपवल्या जाणाऱ्या केसांतील खनिजांच्या तपासणीला मात्र त्या पंगतीत बसवता येत नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात एकाच निरोगी व्यक्तीचे केस सहा प्रयोगशाळांना पाठवले होते, तेव्हा बारा खनिजांच्या आकड्यांत दहा पटींहून अधिक तफावत आली.

आणखी एक हिशेब रुग्णाला कोणी सांगत नाही. ‘नॉर्मल’ची मर्यादा बहुतेक वेळा निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्के लोकांवरून ठरवलेली असते. एकमेकींशी संबंध नसलेल्या अशा पन्नास तपासण्या एका ठणठणीत माणसाच्या केल्या, तर निदान एक तरी आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता ९२ टक्के होते. म्हणजे पॅकेज जितके मोठे, तितके लाल रकाने हमखास. आणि प्रत्येक लाल रकान्यासाठी त्याच केंद्राच्या कपाटात पूरक गोळ्यांची एक डबी तयार असते.

निसर्गोपचारांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. गांधीजींनी १९४६ मध्ये उरुळी कांचनला हे काम सुरू केले ते खेड्यातील गरिबांसाठी. माती, पाणी, ऊन आणि साधा आहार, एवढ्यावर त्यांची भिस्त होती. त्याच उपचाराच्या नावाने आज हजारो रुपयांची पॅकेजे विकली जातात, हे पाहून वाईट वाटते.

पॅथॉलॉजीच्या अहवालावर पात्र डॉक्टरचीच सही हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. पण सही एकाची आणि अहवालाचा अर्थ सांगणारा पूरक गोळ्यांचा विक्रेता, अशी स्थिती असेल तर त्या सहीने रुग्णाचे रक्षण होत नाही. आयजीजीच्या प्रत्येक अहवालावर ‘यावरून अ‍ॅलर्जीचे किंवा असहिष्णुतेचे निदान होत नाही’ हे वाक्य मराठीत, आकड्यांच्याच टाइपात छापणे शासनाने बंधनकारक करावे. आणि आपल्या पुरवणीतील असा मजकूर पैसे घेऊन छापलेला असेल, तर त्यावर ‘जाहिरात’ हा शब्द चष्मा न लावता वाचता येईल एवढा मोठा असावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, पुणे