मागच्या बगीच्याच्या बोर्डाबद्दल आणि पत्रकाबद्दल

मा. अध्यक्ष साहेब,
सप्रेम नमस्कार.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये वेळ मिळाला नाही म्हणून लिहून राहिलो, जरा लांबलं तर सांभाळून घ्या. रविवारी लिफ्टमध्ये ए विंगच्या एक काकू भेटल्या, सहा वर्षांपासून इथेच राहतात, म्हणाल्या टाकीच्या मागचा तो बगीचा आपलाच आहे होय, मला वाटलं बाजूच्या लेआउटचा आहे. आता सांगा! आपण त्याच्यावर वर्गणी खर्च करून राहिलो, माळी ठेवला, बेंच आणले, अन् घरातल्याच माणसाला पत्ता नाही.

मग मी मुद्दाम गेटवर जाऊन बोर्ड वाचला. फुले तोडू नये, गवतावर चालू नये, कुत्रे आणू नये, असे सात नियम आहेत. या, बसा, असं एकदाही नाही. नवीन माणूस आत शिरेल काहून?

अन् दिवाळीत लावलेल्या फ्लेक्सचं तर बोलूच नका. आपलं ऊन ४५ डिग्रीचं, त्यात लाल-पिवळा रंग आधी उडतो, म्हणून त्याच्यावरची हिरवी झाडं आता निळी दिसून राहिली. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिकच्या बॅनरवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, आपला किती जाडीचा आहे हे कोणी पाहिलंच नाही. वरून तो कडुनिंबाला खिळे ठोकून लावलाय. ज्या झाडाच्या सावलीत बसायला लोकांना बोलावतो त्यालाच खिळे, बरं दिसते का ते?

माझं म्हणणं असं की फ्लेक्सच्या भानगडीत न पडता पत्र्याचा एकच बोर्ड पेंटरकडून ऑईल पेंटने लिहून घेऊ, पांढऱ्यावर काळी अक्षरं, दोन लोखंडी पाइपवर उभा. अक्षरं निदान ३ इंच तरी उंच हवीत, म्हणजे पार्किंगमधून ३० फुटांवरून सहज वाचता येतील. वर बगीच्याचं नाव, मग "सर्व रहिवाशांसाठी खुला", वेळ, अन् खाली हेच हिंदीत, आपल्याकडे अर्धे घरं हिंदी बोलतात. नियम असू द्या, पण बारीक अक्षरात. मेन गेटपाशी बाण काढलेला एक छोटा बोर्ड पाहिजेच, कारण टाकीच्या मागे काही आहे हे तिथून दिसतच नाही.

झाडांच्या पाट्या मात्र मला मनापासून हव्या आहेत. परवा पिंपळावर हरियाल, म्हणजे हिरवी कबुतरं, आले होते, पोट्टे पोपट पोपट ओरडून राहिले. तो महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे बाप्पा! लिंबावरच्या अळ्या माळ्याने औषध मारून साफ केल्या, आता त्या कोणत्या होत्या देव जाणे, पण ब्लू मॉर्मन, जे २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू आहे, त्याच्या अळ्या लिंबू-संत्र्याच्या कुळातल्या झाडांची पानं खातात. संत्र्याच्या गावात एवढी पाटी नको का? पाट्या झाडाला ठोकायच्या नाहीत, बुंध्याशी जमिनीत रोवायच्या. नावं मी लिहून देतो, बहाव्यापासून सुरू करू.

बोर्डासोबत बगीच्याचं एक पत्रकही घरोघरी वाटू, त्याचा खर्च तर काहीच नाही. ८४ फ्लॅट, एका ए फोर कागदाची दोन होतात, म्हणजे ४२ कागद काळी-पांढरी झेरॉक्स. रंगीत, गुळगुळीत अन् कमिटीच्या फोटोचं नको (राग मानू नका). एका बाजूला नकाशा, दुसऱ्या बाजूला वेळ अन् झाडं. पेपरात टाकलं तर रद्दीत जाते, त्यापेक्षा पोरांना घरोघरी द्यायला लावू, तेवढंच बोलणं होते. ग्रुपवर टाकालच, पण तिथे गुड मॉर्निंगच्या फोटोंखाली दबून जाईल, अन् आपले अर्धे म्हातारे ग्रुपवर नाहीतच.

बर्डीच्या बाजारात बोर्डाचा भाव मी शनिवारी काढून आणतो. तोपर्यंत निदान ते खिळे काढून घ्यायला वॉचमनला सांगा, पक्कड माझ्याकडे आहे.

आपला,
बी विंग, तिसरा मजला