मंत्रिमहोदय, आमचा ब्रॅकेट हायफाँगला गेला

मा. केंद्रीय वाणिज्य व उद्योगमंत्री यांस,

स. न. वि. वि.

आपण आता उत्तर मुंबईचे खासदार, तेव्हा मराठी वाचायला अडचण नसावी असं धरून लिहितो. भोसरी एमआयडीसीत माझं छोटं प्रेसशॉप आहे, म्हणजे पोलादाचा पत्रा (आम्ही त्याला शीट म्हणतो) ठोकून पार्ट बनवायची शेड. सहा पॉवर प्रेस, मागच्या बाजूला डाय म्हणजे साचे बनवायची-दुरुस्त करायची टूलरूम, पंधरा-सोळा माणसं. युरोपात वॉशिंग मशीन बनवणाऱ्या एका कंपनीला आम्ही एक ब्रॅकेट, म्हणजे पत्रा वाकवून केलेला आधाराचा पार्ट, पुरवत होतो. 'होतो', कारण मागच्या सोमवारी त्यांच्या परचेसचा मेल आला. पुढच्या तिमाहीपासून हा पार्ट व्हिएतनामच्या हायफाँगहून घेणार म्हणे. शेवटी आभार मानलेत. आपल्याकडची मोठी गिऱ्हाइकं तेवढंही करत नाहीत, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

त्यांचा पुण्यातला सोर्सिंगचा माणूस सज्जन आहे. भेटायला गेलो तर त्याने लॅपटॉपच माझ्याकडे वळवला आणि दोन्ही कोटेशनं शेजारी शेजारी लावून दाखवली. प्रेसचे स्ट्रोक तेवढेच. डाय आमची जास्त टिकते. रिजेक्शन आमचं कमी. आणि मजुरी, हे जरा सावकाश वाचा, मजुरी त्यांची जास्त. हायफाँगचा ऑपरेटर भोसरीच्या ऑपरेटरपेक्षा महाग पडतो. म्हणजे शेडच्या आत जे जे घडतं त्यात मी पुढे होतो. मग खालच्या ओळी आल्या. शीट महाग, वीज महाग, व्याज महाग, शेडपासून जहाजापर्यंतचं भाडं महाग, आणि युरोपात उतरताना त्यांना ड्युटी माफ, आम्हाला चालू. सगळं मिळून मी अकरा टक्क्यांनी महाग पडलो. त्याने चहा मागवला आणि म्हणाला, "साहेब, तुमच्या हातात होतं तेवढं तुम्ही केलंय."

उरलेले अकरा टक्के कोणाच्या हातात होते, ते आपल्याला विचारायचं आहे.

शीटचंच घ्या. एप्रिल 2025 मध्ये सरकारने आयात होणाऱ्या सपाट पोलादावर 12 टक्के सेफगार्ड ड्युटी बसवली. बाहेरच्या स्वस्त मालापुढे देशातले पोलाद कारखाने टिकावेत म्हणून. टिकू देत बिचारे. पोलाद ओतणारे देशात हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे, ते विमानाने दिल्लीला येऊन निवेदन देतात. तेच पोलाद कापणारे, वाकवणारे, ठोकणारे गल्लोगल्ली. त्यांच्याकडे निवेदन टाइप करायलाही माणूस नाही. ड्युटी आयातीवर बसते, पण दुसऱ्या आठवड्यात आमचा कॉइलवाला देशी मालाचाही भाव वाढवून सांगतो आणि वर म्हणतो, "शेठ, आजचा रेट आजच." निर्यातदाराला ॲडव्हान्स ऑथोरायझेशन, म्हणजे निर्यातीचा कच्चा माल ड्युटीशिवाय आणायचा परवाना, आहे, असं आपले अधिकारी म्हणतील. आहे ना. मला या ब्रॅकेटसाठी महिन्याला आठ टन शीट लागायचं. आठ टनांसाठी परदेशातली मिल माझा फोन उचलेल का? आणि ती कागदपत्रं करून देणारा कन्सल्टंट जी फी सांगतो, त्यात माझा महिन्याचा नफा जातो. योजना चांगल्या असतात, मंत्रिमहोदय. फक्त ज्याच्या मापाने त्या शिवल्या, तो माणूस भोसरीत राहत नाही.

विजेबद्दल थोडक्यात. गुरुवारी देखभालीसाठी लाइट जाते, त्याची तक्रार नाही. आमची साप्ताहिक सुट्टीच गुरुवारची. तक्रार बाकीच्या सहा दिवसांची आहे. स्ट्रोक मारता मारता व्होल्टेज पडलं की ब्लँक, म्हणजे कापलेला पत्र्याचा तुकडा, डायमध्ये अर्धवट अडकतो, पंचची धार जाते, आणि टूलरूमवाला हातातलं काम टाकून ती डाय उघडत बसतो. दोन तास गेले. वीजबिलात मात्र या दोन तासांची खाडाखोड कुठे नसते. सगळे आकार, अधिभार, शुल्क धरून मला युनिट दहा रुपयांच्या वर पडतं.

आता रस्ता. सप्टेंबर 2022 मध्ये दिल्लीत राष्ट्रीय लॉजिस्टिक धोरण थाटात जाहीर झालं. तेव्हा सगळे सांगत होते की आपला वाहतुकीचा खर्च जीडीपीच्या 13-14 टक्के आहे, तो एक आकडी करायचा. पुढच्याच वर्षी नवा अभ्यास आला आणि कळलं की तो आधीपासूनच 8-9 टक्के होता! अभिनंदन. बोरघाटात कंटेनर तसाच उभा, चाकणच्या तळेगाव चौकात माझा टेम्पो तसाच उभा, टक्के तेवढे पुढे निघून गेले. चाकणच्या एका गिऱ्हाइकाने याच चौकापायी मला त्यांची लाइन थांबल्याची डेबिट नोट लावली होती, म्हणजे बिलातून दंड कापला होता. पुण्याहून माल विमानाने पाठवावा म्हटलं तर लोहगावची धावपट्टी हवाई दलाची. नवा विमानतळ आधी चाकणला होणार होता, मग पुरंदरला. आम्ही वाट बघतोय, घाई नाही.

आणि माझे स्वतःचेच पैसे? 2006 च्या कायद्यात लिहिलंय की लघुउद्योगाचं बिल 45 दिवसांत द्यायचं. कोणी देईना, म्हणून एप्रिल 2024 पासून आयकरात कलम 43 बी (एच) लागू केलं: वेळेत दिलं नाही तर त्या वर्षी खर्चाची वजावट नाही. कायदा उत्तम. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या अकाउंट्सवाल्याने महिन्याभरात फोन केला. "तुमची उद्यम नोंदणी रद्द करून टाका, नाहीतर आम्हाला दुसरा व्हेंडर बघावा लागेल." लघुउद्योग म्हणून असलेली ही सरकारी नोंदणीच गेली, की कायद्याचा त्रासही गेला. रद्द केली? नाही केली. ऑर्डर निम्मी झाली. त्याच्याकडे अडकलेल्या पैशांसाठी मी बँकेकडून साडेदहा टक्क्यांनी उचल घेतो, राहतं घर तारण ठेवून. चीनमध्ये बँकांचा कर्जाचा मूळ दर 3 टक्के आहे. त्या दोन आकड्यांच्या मधल्या फटीत माझी झोप गेली, साखर वाढली आणि बायकोचे दोन दागिने गेले. ते ती बोलून दाखवत नाही, म्हणून मी इथे लिहितो.

हे रडगाणं एका भोसरीवाल्याचं आहे असं वाटत असेल तर नकाशा उघडा. व्हिएतनाम आकाराने आपल्या महाराष्ट्रापेक्षा थोडासाच मोठा. लोकसंख्या दहा कोटी, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा कमीच. 1975 पर्यंत तिथे बॉम्ब पडत होते. 1990 मध्ये तिथलं दरडोई उत्पन्न आपल्या एक तृतीयांशही नव्हतं. आज आपल्या पावणेदोन पट आहे. 2024 मध्ये त्यांनी 400 अब्ज डॉलरच्या वर माल निर्यात केला. आपण, 140 कोटी लोकांचा देश, 2024-25 मध्ये 437 अब्ज. युरोपशी मुक्त व्यापाराची बोलणी आपण 2007 मध्ये सुरू केली, 2013 मध्ये थांबवली, 2022 मध्ये पुन्हा उकरून काढली. व्हिएतनामने आपला करार ऑगस्ट 2020 मध्ये लागूसुद्धा करून टाकला. माझ्या ब्रॅकेटची ड्युटीची ओळ तिथे लिहिली गेली, भोसरीत नाही.

बांगलादेशचं नाव काढलं की आपल्याकडे लोकांना फक्त घुसखोर आठवतात. तो देश पुरेसा कापूस पिकवत नाही. आपलं सूत नेतो, शर्ट शिवतो आणि तयार कपड्यांच्या निर्यातीत आपल्या दुपटीहून पुढे आहे. यवतमाळचा शेतकरी कापूस भावाअभावी घरात साठवून बसलाय आणि शर्टाचे पैसे ढाक्यात मोजले जातात. 2020 च्या ऑक्टोबरात नाणेनिधीने दरडोई उत्पन्नात बांगलादेश आपल्याला मागे टाकणार असा अंदाज दिला, तेव्हा चार दिवस चॅनेलवर आरडाओरडा झाला. पाचव्या दिवशी काय लागलं होतं, मला आठवत नाही.

आपण भांडतो कोणाशी? शेजारच्या राज्याशी. सप्टेंबर 2022 मध्ये तळेगावला येणार म्हणून गाजलेला वेदांता-फॉक्सकॉनचा दीड लाख कोटींचा प्रकल्प गुजरातला गेला. इथे निदर्शनं, तिथे पेढे. जुलै 2023 मध्ये फॉक्सकॉनच त्यातून बाहेर पडली. दोन्ही मांडवांत वऱ्हाड भांडत राहिलं आणि नवरदेव परस्पर निघून गेला. त्या सगळ्या गदारोळात हायफाँगचं नाव एकाही नेत्याने घेतलं नाही.

पिंपरीत एच. ए. कंपनी आहे, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. 1954 ची स्थापना, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने उभी राहिलेली, देशातली सरकारी क्षेत्रातली पहिली औषध कंपनी. पेनिसिलिन पिंपरीत बनायचं. त्या काळी एच. ए.त चिकटलेल्या मुलाला स्थळं सांगून यायची. पुढे चीनचं पेनिसिलिन एवढ्या स्वस्तात यायला लागलं की आपल्या लोकांनी टाक्या बंद केल्या आणि आयात करायला सुरुवात केली. स्वस्त मिळतंय तर बनवा कशाला, असं शहाणपण सांगणारे तेव्हाही टायमध्येच होते. कोरोना आला तेव्हा आपल्याला कळलं की तापावरच्या गोळीचाही कच्चा माल सीमेपलीकडून येतो. मग 2020 मध्ये पुन्हा प्रोत्साहन योजना, पुन्हा पेनिसिलिन बनवायला अनुदान. जे पिंपरीला येत होतं ते पुन्हा शिकण्यासाठी पैसे! तोच धडा एप्रिल 2025 मध्ये परत झाला. चीनने दुर्मिळ खनिजांच्या मॅग्नेटवर परवाने लावले आणि इथल्या विजेवरच्या स्कूटरच्या लाइनी अडखळल्या. मॅग्नेट मुठीत मावतो.

25 टक्क्यांचं काय झालं, तेही विचारून घेतो. उत्पादन क्षेत्राचा जीडीपीतला वाटा 25 टक्के करायचा, हे 2011 च्या धोरणात होतं. 2014 मध्ये मेक इन इंडियाने सिंहाचं चित्र लावून तेच परत सांगितलं, मुदत 2022. वाटा 17 च्या आसपासच घुटमळतोय, 25 काही दिसेना. सिंहगडाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना सिंह जाण्याचं दुःख नवीन नाही, पण आमच्याकडे निदान गड तरी आला होता.

माझा मुलगा टूल डिझाइन शिकला आणि हिंजवडीत संगणकावर बसतो. तो म्हणतो, "बाबा, शेड भाड्याने द्या." हिशेब त्याने करून दाखवला, तो खोटा नाही. शेजारच्या शेडमध्ये पूर्वी प्रेसशॉप होतं. आता तिथे ऑनलाइन विक्रीचं गोदाम आहे, खोक्यांवर चिनी अक्षरं. मालक महिन्याच्या एक तारखेला भाडं घेतो, ब्लडप्रेशरची गोळीही घेत नाही. मी प्रेस चालवून जे मिळवतो त्यापेक्षा शेड भाड्याने देऊन जास्त मिळतं, हे ज्या देशात खरं आहे त्या देशाने कारखान्यांवर भाषणं करू नयेत.

मागणं फार नाही. निर्यातीच्या मालाला लागणारं शीट छोट्यांना डेपोवरून, ड्युटीशिवाय, पाच-दहा टनांतही मिळावं. 45 दिवस उलटले की व्याज आपोआप लागावं. मी तक्रार करून गिऱ्हाईक गमवायची वेळ येऊ नये. आणि पोलादावर ड्युटी बसवायच्या बैठकीला एक तरी शीट ठोकणारा बोलवा. मी येईन, माझ्या खर्चाने, रेल्वेने.

आपला,
भोसरीचा एक लघुउद्योजक

ता. क. हेच पत्र सरकारी तक्रार पोर्टलवर टाकायला गेलो. तक्रारीचा प्रकार निवडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. यादीत निवृत्तिवेतन होतं, पासपोर्ट होतं, टपाल होतं. ऑर्डर परदेशी गेल्याचं काही नव्हतं. 'इतर' निवडलं. मग मजकूर मर्यादेपेक्षा मोठा असल्याचं लाल अक्षरांत आलं, म्हणून इथे छापतोय.