साखळी-डिचोलीला चैत्रात जा, धबधब्यापुरतं नको

मा. संपादक महाशय,

पाऊस जरा लागला की आपल्या पेपरात गोव्यातल्या साखळीजवळच्या हरवळ्याच्या धबधब्याचा फोटो ठरलेला, आणि त्याच्या पुढच्या रविवारी साखळीच्या रस्त्यावर गाड्यांची रांग पण ठरलेली. फोटोबद्दल तक्रार नाही, धबधबा आहेच तसा. पण ही एवढी माणसं येऊन करतात काय? सेल्फी, रील, रुद्रेश्वराला उभ्या उभ्या नमस्कार, बाजूच्या गुंफांत डोकं घालून बाहेर, आणि चला परत पणजीला. साखळीचा बाजार नाही, वाळवंटी नदीच्या काठचं विठ्ठलापूरचं देऊळ नाही, आणि थोडं पुढे डिचोलीत कुंभार अजून चाकावर बसतात हे तर कुणाच्या गावीही नसतं. माझी सासुरवाडी त्या बाजूची, त्यामुळे हा माणूस पक्षपाती आहे असं म्हणा हवं तर.

बीचच्या पलीकडचा गोवा दाखवायचा असं गेली कित्येक वर्षं सगळेच बोलतात. बोलायला काय जातं. माझं म्हणणं एवढंच की या गावांना माणसं चुकीच्या महिन्यात पाठवली जातात. भर पावसात वाळवंटी कधी बाजारात शिरेल याचा नेम नसतो, तिथल्या दुकानदारांना विचारा, पाणी बाहेर फेकायला पंप बसवायला लागलेत. त्या दिवसांत गावाचं लक्ष नदीवर असणार की तुमच्यावर? खरं जायचं तर फाल्गुन-चैत्रात.

आता ऊन्ह असतं हे मान्य. पण सकाळी लवकर निघा, पणजीहून डिचोलीमार्गे साखळी पस्तीसेक किलोमीटर, काही लांब नाही. पोचल्यावर आधी बाजारातल्या कुठल्याही जुन्या हॉटेलात बसा. बोर्ड बघू नका, आत गर्दी आहे का बघा. पातळ भाजी, सुकी भाजी, दोन्ही पाहिजे तर मिक्स म्हणायचं, सोबत पाव नाहीतर उंडो (कडक गोल पाव), एक मिरची भजी, आणि गोड पाहिजे तर बन्स. हे आपल्याकडे फोंड्यालाही मिळतं, म्हापशालाही मिळतं, मग त्यात काय एवढं असं आमचे चिरंजीव म्हणतात. अरे पण अळसांद्याच्या (चवळीच्या) पातळ भाजीला ओल्या खोबऱ्याचं वाटप, म्हणजे वाटण, लावलंय की नुसतं पीठ लावून दाट केलीय ते पहिल्या घासाला कळतं, आणि या बाजूला अजून वाटप लावणारे आहेत. तिथून बाहेर पडलं की सत्तरी तालुक्यातल्या बायका भाजी घेऊन बसलेल्या असतात, त्यांच्याकडे दर कमी करून मागणाऱ्यांचा मला राग येतो, मॉलमध्ये हेच लोक गप्प पैसे देतात.

आणि काजू! चैत्रात त्या भागात नुसता बोंडूचा, म्हणजे काजूच्या फळाचा, वास सुटलेला असतो. बोंडू तुडवायचे, मग तो चेंदा बांधून त्यावर वजन ठेवायचं, आणि खाली ठिबकते ती नीरा. ती सकाळीच प्यायची, दुपारपर्यंत आंबते. भाटी (दारू गाळायची भट्टी) लावली की पहिल्या धारेचा हुर्राक, तो परत उकळला की फेणी. फेणीला 2009 साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं त्याचं कौतुक आपण सगळ्यांनी केलं, पण भाटीवर जाऊन बघितलेले किती? पिऊ नका हवं तर, नुसते बघा.

पण मला मुख्य लिहायचंय ते कुंभारांबद्दल. डिचोली पूर्वी समयांसाठी नावाजलेली होती, पितळेचं काम, आणि दुसरं मातीचं. मातीतलं सगळ्यात अवघड काम मला विचाराल तर घुमट, ते मडक्याचं वाद्य. आपण चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आरतीला घुमट बडवतो पण ते हातात धरून नीट बघत नाही. त्याला दोन तोंडं असतात, मोठ्या तोंडावर कातडं आणि छोटं उघडं, वाजवणारा एका हाताने कातड्यावर मारतो आणि दुसऱ्या तळव्याने ते छोटं तोंड झाकतो-उघडतो, त्यानेच तो घुमणारा आवाज येतो. मोठ्या तोंडाचा काठ बाहेर वळवलेला असतो, कारण कातडं ताणून दोरी त्या काठाखाली आवळायची असते. मी बघत होतो तेव्हा कुंभाराने तो काठ ओल्या फडक्याने एका दमात वळवला, मग बोट फिरवून बघितलं, आणि पसंत नाही म्हणून अख्खा गोळा परत चुरगाळला. मला तर काहीच वाकडं दिसलं नव्हतं. म्हणाला, "बाब, हांगा पातळ उरलें जाल्यार दोरी आवळटना फुटटा." म्हणजे इथे पातळ राहिलं तर दोरी आवळताना फुटतं. भाजलेलं मडकं फुटलं तर माती पण गेली आणि लाकडं पण गेली, त्यापेक्षा ओलं मोडलेलं परवडतं.

2019 साली सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. चांगलं केलं. घोरपडीच्या कातड्यावर कायद्याने बंदी आहे, आता बकऱ्याचं वापरतात, आवाजात फरक पडतो असं जुने लोक म्हणतात पण घोरपड मारून आरती करायची नाही हे मला पटतं. प्रश्न कातड्याचा कमी आणि मातीचा जास्त आहे. चांगली चिकणमाती शेतात मिळते, आणि डिचोली तालुक्यात खाणींचा गाळ पावसाबरोबर शेतांत उतरला हे काही गुपित नाही. 2012 ला खाणी थांबल्या, 2018 ला परत थांबल्या, म्हणून शेतात बसलेला गाळ काही उठून जात नाही. बाकीची शेतं भरून प्लॉट पाडायला काढलीत.

आणि हे सगळं उन्हाळ्यात करायचं काम. माती सुकल्या शेतातून काढायची, मडकी वाळवायची, भट्टी लावायची, जून लागायच्या आत. पावसात मडकं वाळतच नाही. म्हणजे खर्च सगळा मार्च ते मे, आणि गिऱ्हाईक येतं चवथीच्या तोंडावर, भाद्रपदात, तोपर्यंत माल पडवीत पडून, हातात पैसा नाही, मग मधला कोणी येऊन मिळेल त्या भावात उचलतो आणि म्हापशाच्या बाजारात दुप्पट करून विकतो. मला सांगा, चैत्रात जर माणसं थेट दारात गेली, घुमट नाही तर पाण्याचा माठ घेतला, रोपांच्या कुंड्या घेतल्या, तर त्या घराला कर्ज काढायची पाळी येणार नाही. माठ तर उन्हाळ्यातच लागतो ना.

त्याच चैत्रात कारापूरला, विठ्ठलापूरच्या देवळात चैत्रोत्सव असतो. कार्तिकात त्रिपुरारीला नदीत होड्या सोडतात तेव्हा गर्दी होते, टीव्हीवाले पण येतात, चैत्रातला त्यामानाने घरगुती वाटतो, मला तोच आवडतो. एक मात्र सांगून ठेवतो, हरवळ्याला गेलात तरी धबधब्याखाली पाण्यात उतरू नका, तिथे बुडालेले थोडे नाहीत.

संबंधित खात्याने काय करावं हे सांगायला बसलो तर पान पुरणार नाही, आणि मंडप घालून फूड फेस्टिव्हल करतील त्यात कुंभाराला कोपऱ्यातला एक स्टॉल देतील हे मला माहीत आहे. त्यापेक्षा डिचोली बसस्टँडवर एक साधा बोर्ड लावा, कुंभारवाडा कुठे ते. गाडी लावायला जागा दाखवा. बस.

तुमच्याकडून मात्र एक मागणी आहे. दरवर्षी चवथीच्या पुरवणीत घुमटावर लेख येतो, फोटोसकट. तो लेख यंदापासून मार्चमध्ये छापा, आणि फोटोग्राफरला सकाळी दहाच्या आत पाठवा, उन्ह चढलं की ते चाक बंद करतात.

आपला,
एक वाचक, फोंडा