ताई, पेशंट माझ्या हाती सोपवल्याबद्दल

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यासमोर आभाराचा विषय काढला की तुम्ही लगेच "चहा टाकू का?" म्हणता आणि उठून जाता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितेय. दुसरंही एक कारण आहे. आपल्याकडून इथे अमेरिकेत येऊन हॉस्पिटलात रात्रपाळ्या करणाऱ्या मुली मला सारखं विचारतात, की नर्स प्रॅक्टिशनरचं शिक्षण नोकरी करून झेपतं का आणि प्रिसेप्टर, म्हणजे हाताखाली घेऊन प्रत्यक्ष काम शिकवणारी, कुठून मिळवायची. पहिल्या प्रश्नावर मी तासभर बोलू शकते. दुसऱ्याचं माझ्यापुरतं उत्तर एका शब्दात संपतं: ताई. पण त्या एका शब्दात काय काय आलं, ते त्यांना कळायला हवं.

मी शिकतेय ते प्रौढांच्या आणि वृद्धांच्या प्राथमिक उपचारांसाठीची नर्स प्रॅक्टिशनर होण्यासाठी, असं शिकागोच्या महाराष्ट्र मंडळात कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा. "म्हणजे डॉक्टरच ना?" नाही हो. आम्ही नर्सच. आधी आर.एन. (नोंदणीकृत नर्स), मग त्यावर मास्टर्स किंवा डॉक्टरेट, मग राष्ट्रीय परीक्षा, आणि मग पेशंट तपासायचा, निदान करायचं, औषध लिहायचं. साधारण तेरा वर्षांच्या मुलापासून शंभरीच्या आजोबांपर्यंत सगळे आमचे, लहान मुलं मात्र नाहीत. पूर्वी प्रौढांची आणि वृद्धांची अशा दोन वेगळ्या वाटा होत्या. २००८ साली प्रगत नर्सिंगचा देशभरासाठी एक आराखडा ठरला, त्यात त्या एक झाल्या. मला वाटतं बरंच झालं. नाहीतर म्हाताऱ्या माणसांकडे बघायला वेगळं शिकून येणाऱ्या नर्सेस सापडणार किती?

पुस्तकी भाग मी पाळ्या सांभाळून उरकला. पॅथोफिजिऑलॉजी, फार्माकॉलॉजी आणि फिजिकल असेसमेंट, म्हणजे ज्यांना इथे सगळे 'तीन पी' म्हणतात, ते कठीण असले तरी अभ्यासाने जमतात. गाडी अडते ती क्लिनिकलच्या तासांना. वर्षानुवर्षं किमान ५०० तास लागायचे, २०२२ च्या राष्ट्रीय निकषांनी ते ७५० वर नेले. हे तास कुणातरी अनुभवी माणसाच्या हाताखाली, खऱ्या पेशंटांबरोबर भरायचे, आणि तो माणूस बऱ्याच कॉलेजांत विद्यार्थिनीनेच शोधायचा. प्रिसेप्टरला बहुतेक वेळा एक पैसा मिळत नाही. पंधरा-वीस मिनिटांच्या अपॉइंटमेंटमध्ये शिकाऊ मुलगी घुसवली की दिवसभराचं वेळापत्रक कोलमडतं. त्यामुळे माझ्या ईमेलांना उत्तरं येत नव्हती, याचा राग मला आज येत नाही. एका क्लिनिकने मात्र होकार दिला आणि सत्र तोंडावर आल्यावर तो परत घेतला. त्याचा राग अजून आहे. हजारो डॉलर घेऊन प्रिसेप्टर मिळवून देणाऱ्या एजन्स्यांचे आकडे मी तेव्हा रात्री ब्रेकमध्ये बघत बसायचे.

आणि मग मंडळाचा गणेशोत्सव आला. आरोग्य तपासणीच्या टेबलावर मी बी.पी. बघत होते, शेजारी तुम्ही, स्वतः नर्स प्रॅक्टिशनर असलेल्या. मी रडगाणं गायलं नव्हतं, नुसतं विचारलं होतं की तुमच्या ओळखीत कुणी आहे का. तुम्ही एका काकांच्या दंडाला कफ गुंडाळता गुंडाळता म्हणालात, "कॉलेजचा फॉर्म पाठव. बघू." त्या 'बघू'मागे किती खटपट होती, ते मला फार उशिरा कळलं. क्लिनिक आणि विद्यापीठ यांच्यातला करार तुम्ही वकिलांच्या मागे लागून करून घेतलात. मॅनेजर विद्यार्थी नकोच म्हणत होती, तर तुम्ही तिला सांगितलंत की पेशंट कमी होणार नाहीत. आणि कमी होऊ नयेत म्हणून माझ्या दिवसांत स्वतःची जेवणाची सुट्टी सोडलीत. हे तुम्ही मला कधीच सांगितलं नाही. रिसेप्शनवरच्या बाईंकडून कळलं.

आता मुख्य गोष्ट. मिरजेत शिकले तेव्हापासून एक वाक्य माझ्या तोंडी बसलेलं: "डॉक्टर, पेशंट बरोबर वाटत नाही, जरा बघता का?" या वाक्याला मी कमी लेखत नाही. त्याने माणसं वाचतात, आणि आधी कळतं ते बहुतेक वेळा सिस्टरलाच. इथे आर.एन. म्हणूनही माझं काम त्याच वाक्यापर्यंत होतं. तुम्ही मात्र ते तिथे संपू दिलं नाहीत. मी खोलीतून बाहेर येऊन तुम्हाला तक्रार सांगायचे, बी.पी. सांगायचे, तपासणी सांगायचे आणि थांबायचे. तुम्हीही थांबायचात, स्क्रीनवरची नजर न हलवता. मग विचारायचात, "तुला काय वाटतं? आणखी काय असू शकतं? आज काय करायचं? परत कधी बोलवायचं?" चारही उत्तरं आल्याशिवाय तुम्ही स्वतःचं मत देत नव्हतात. बाहेर पेशंट खोळंबलेले असले तरी. सुरुवातीला मला ते निर्दयपणाचं वाटायचं, खरं सांगते.

त्या आजी तुम्हाला आठवत असतील. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलतेय.) मुलाने ग्रीन कार्डावर आणलेल्या. इथे पाच वर्षं पूर्ण व्हायची होती, म्हणून मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा, नाही. घेतलेला विमा महागडा, म्हणून अर्धी औषधं भारतातून येणाऱ्या-जाणाऱ्यांबरोबर मागवलेली. तक्रार एकच, दुपारी गरगरतं. दुसऱ्या एका ठिकाणी त्यांना चक्करीची गोळी म्हणून मेक्लिझिन दिलेली. त्याने गरगरणं थांबलं नव्हतं, वर झोप यायला लागली होती. मुलाला ती गोळी वाढवून हवी होती.

तुम्ही मला आधीच सांगून ठेवलेलं, की यादी मागायची नाही, पिशवी मागायची. आजींनी किराणा दुकानाची प्लास्टिकची पिशवी टेबलावर उलटी केली. इथल्या केशरी बाटल्या, त्रिफळा चूर्णाचा डबा आणि कात्रीने कापलेल्या स्ट्रिप्स. कापताना नाव गेलेलं, शिल्लक अर्धा शब्द. मराठी घरात वाढलेल्या कुणालाही हे दृश्य नवं नाही. मी त्या स्ट्रिप्सचे तुकडे एकमेकांना जोडून वाचत बसले. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी निघाली. इथल्या बाटल्यांत पुन्हा मेटफॉर्मिन, आणि ग्लिमेपिराइडच्याच जातकुळीतली ग्लिपिझाइड. म्हणजे साखर उतरवणाऱ्या दोन सख्ख्या बहिणी एकाच पोटात. आडवं झोपवून आणि उभं करून बी.पी. बघितलं, फरक नव्हता. मग जेवणाचं विचारलं. सोमवार आणि एकादशी, दिवसभर काही नाही, संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी. गोळ्या मात्र सकाळी वेळेवर!

मी बाहेर आले. तुमचे चार प्रश्न. साखर उतरतेय, मी म्हटलं. कान आणि हृदय डोक्यात ठेवलंय, पण हे आधी. ग्लिमेपिराइड आणि ग्लिपिझाइड दोन्ही बंद, मेक्लिझिन बंद, किडनीचा रिपोर्ट बघून एकच मेटफॉर्मिन, मुलाला ग्लुकोमीटर दाखवायचा, आठवड्याने परत. तुम्ही ड्रॉवरमधून बीअर्सची यादी काढून माझ्यासमोर ठेवलीत. मार्क बीअर्स यांनी १९९१ मध्ये वृद्धाश्रमांतल्या माणसांसाठी केलेली, म्हातारपणी शक्यतो टाळायच्या औषधांची यादी. २०२३ च्या आवृत्तीत ग्लिपिझाइडचा अख्खा गटच पहिल्या पसंतीला देऊ नये असं आलंय, आणि मेक्लिझिनसारखी जुन्या धाटणीची अँटिहिस्टामिनं तर केव्हापासूनच आहेत. दोन्ही ओळींवर तुमचं पिवळं मार्कर. म्हणजे माझं उत्तर तुम्हाला माहीत होतं. तरी माझं बोलून होईपर्यंत तुम्ही यादीला हात लावला नव्हता.

आणि मग तुम्ही पाचवा प्रश्न विचारलात. "उपवासाचं काय?" माझ्या जिभेवर 'बंद करायला सांगू' हेच होतं, पण तुम्ही मला परत आत पाठवलंत, आजींना विचारायला. आजी म्हणाल्या, गोळ्या कितीही कमी-जास्त करा, एकादशी काही मी सोडायची नाही. वृद्धांच्या उपचारात इथे चार 'एम' शिकवतात. माणसाला काय महत्त्वाचं वाटतं (मॅटर्स), औषधं (मेडिकेशन), मन-बुद्धी (मेंटेशन) आणि हालचाल (मोबिलिटी). मी ते परीक्षेसाठी पाठ केले होते, पण पहिला एम पहिलाच का आहे, हे आजींसमोर बसल्यावर कळलं. एकादशी राहिली, गोळ्या गेल्या. पुढच्या भेटीला मुलाने साखरेचे आकडे लिहून आणले होते आणि आजींनी दुपारच्या मालिकेची गोष्ट सांगितली, म्हणजे दुपारी त्या जाग्या होत्या.

औषध सुरू करणं सगळेच शिकवतात. एक गोळी, तिच्याने पायाला सूज, सुजेसाठी लघवीची गोळी, मग लघवी थांबत नाही म्हणून आणखी एक, आणि तिच्याने भ्रम, ही साखळी उलटी सोडवत न्यायची कशी ते मी तुमच्याकडे बसून शिकले. पेशंट वेटिंग रूमच्या खुर्चीतून उठताना हात टेकतो का, हे दारातूनच बघायचं. उठ, तीन मीटर चाल, वळ, येऊन बस, याला बारा सेकंद किंवा जास्त लागले की पडण्याचा धोका धरायचा. मोजे काढल्याशिवाय मधुमेह्याची तपासणी झाली असं लिहायचं नाही. स्मरणशक्तीची चाचणी घेण्याआधी कानात मळ आहे का ते बघायचं. आठवतात का ते निवृत्त बसचालक? घरच्यांनी विस्मरण म्हणून आणलेले, आणि दोन्ही कान गच्च. मळ निघाल्यावर त्यांनी चाचणीतले लक्षात ठेवायचे तीन शब्द झटक्यात सांगितले, काढलेल्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं बरोबर दाखवली, आणि बायकोकडे वळून म्हणाले, तू इतकं ओरडून का बोलतेस?

तुमच्या शिस्तीबद्दलही आभार, जरी तेव्हा मी मनातल्या मनात तुम्हाला बरंच काही म्हटलं असेल. नोट त्याच दिवशी पूर्ण. 'पेशंट ठीक' असं लिहिलं की परत. तासांच्या नोंदीवर वाचल्याशिवाय सही नाही.

जानेवारी २०२५ मध्ये लॉरेटा फोर्ड वारल्या, १०४ वर्षांच्या होऊन, तेव्हा तुम्ही मला सकाळी सकाळी फोन केला होतात. १९६५ साली कोलोरॅडोत एका बालरोगतज्ज्ञाबरोबर त्यांनी नर्स प्रॅक्टिशनरचा हा सगळा खटाटोप सुरू केला, आणि तोही आधी लहान मुलांसाठी. तुम्ही म्हणालात, "आपलं दुकान या बाईंमुळे चाललंय." आजही मेडिकेअर आम्हाला त्याच कामाचे डॉक्टरांच्या दराच्या ८५ टक्के देतं, यावर तुमचं व्याख्यान मी इथे देत नाही, वाचणारे कंटाळतील. माझं मत तुमच्यापेक्षा थोडं मवाळ आहे, तेही असो.

आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आणलाय. म्हाताऱ्यांसाठी तसं काही निघालं तर मला मिरजेला जाऊन शिकवायला आवडेल. माझी आई तिथे एकटी असते आणि तिच्याही गोळ्यांच्या स्ट्रिप्स कात्रीने कापलेल्या असतात.

आता माझं. परीक्षा झाली, नोकरी लागली हे तुम्हाला माहीत आहेच. इलिनॉयमध्ये स्वतंत्रपणे काम करायला ४,००० तास आणि वर २५० तासांचं शिक्षण-प्रशिक्षण लागतं, तोवर डॉक्टरांबरोबरचा लेखी करार. ते चालू आहे. नवीन गोष्ट ही, की पुढच्या सत्रात एक विद्यार्थिनी माझ्याकडे येऊ पाहतेय. केरळची आहे, रात्रपाळी करते, कुठूनच होकार मिळालेला नाही. मी तिला फॉर्म पाठवायला सांगितलंय.

तुमची,
मिरजेची सिस्टर

ता.क. आमच्या मॅनेजरला विद्यार्थी नकोयत. तुम्ही तुमच्या मॅनेजरला नेमकं काय सांगितलं होतंत, ते जरा सविस्तर हवंय. शनिवारी येते. चहा मी करीन, तुम्ही उठायचं नाही.