बाय, आधी लेखी घे

बाय, जय भीम. काल फोनवर तू म्हणालीस तुझे एडिंबराचे सर पीएचडीला तिथेच थांब म्हणतायत, आणि मी पहिलं पैशाचंच विचारलं, तू गप्पच झालीस. तेव्हापासून तुझी आई माझ्याशी धड बोलत नाहीय. म्हणून टाइप करत बसलोय.

अभिमान नाही असं समजू नको गो. अख्ख्या महाराष्ट्रातून वर्षाला ७५ पोरं राजर्षी शाहू शिष्यवृत्तीवर बाहेर जातात, त्यात मंडणगडची आपली पोर, एडिंबरात, ते पण डॉली मेंढी जिथे क्लोन केली त्या रोझलिन संस्थेत! एसटी स्टँडवर अनोळखी माणसाला पण सांगतो मी.

पण सरकारने दिलंय ते एमएस्सीपुरतं. पुढे कोण देणार? परदेशी पोरांना फी कितीतरी जास्त, नि ब्रिटनच्या सरकारी पैशातल्या पीएचडीच्या जागांत बाहेरचे ३० टक्क्यांपर्यंतच, तूच सांगितलंस. मधेच पैसे थांबले तर?

आंबडव्याला, बाबासाहेबांच्या मूळ गावी, नेलेलं तुला, आठवतं? बाबासाहेब १९१३ ला बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, महिना साडेअकरा पौंड, मग लंडन, आणि १९१७ ला मुदत संपली तर शिक्षण अर्ध्यात टाकून यावं लागलं, बोटीने पाठवलेली पुस्तकं पण बुडाली. मग सिडनहॅमला शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, तेव्हा १९२० ला परत जाता आलं. एवढ्या माणसाला हे सोसावं लागलं. तू सहावीत होतीस, म्हणालीस, पण गेले ना बाबासाहेब परत. सड्यावर ऊन असलं तापलेलं, तुझ्या चपलेचा अंगठा तुटलेला, तुला खांद्यावर घेऊन रस्त्यापर्यंत आणलं, नि तू वरून प्रश्नांवर प्रश्न. कुठे चाललो मी.

कोळंबीच्या रोगावरचं काम तुझं मला पटतं. बाणकोट खाडीला भाईकाकाची कोळंबी पांढऱ्या डागाच्या रोगाने गेली तेव्हा तो तळ्यावर बसून रडलेला. व्हेनामी, म्हणजे तळ्यात वाढवतात ती कोळंबी, मुळात मेक्सिको ते पेरूच्या पॅसिफिक किनाऱ्याची, रोग आशियात उठला, मग त्याला टिकणारं बियाणं एकट्या देशाने कसं काढायचं? दहा देशांची माणसं एका लॅबमध्ये बसतात ते त्यासाठीच, आणि त्यात आपल्या खाडीची माहिती असलेलं कोणीतरी हवंच.

फक्त सरांना विचार, फी पूर्ण सुटणार की पहिल्या वर्षाचीच, राहण्याखाण्याचे महिना किती नि किती वर्षं. तोंडी नको, मेलवर घे. तिकडे लाजत बसू नको, विचारणं म्हणजे भीक नाही, आपण... परत लेक्चर झालं, माफ कर गो.

काजूची बाग विकायचं मी काल बोललो ते आईला कळू देऊ नको. लागली तर विकूच. पण आधी लेखी घे.

बाबा